सीमेपलीकडचं लेकरू आपल्या शाळेत आलं, तर: पहिल्या सहा आठवड्यांची तयारी

देगलूरहून मदनूर, बिलोलीहून बोधन, धर्माबादहून बासर, किनवटहून आदिलाबाद, उदगीरहून बिदर, उमरग्याहून बसवकल्याण. या रस्त्यांवर रोजचा बाजारहाट चालतो, सोयरिकी होतात, कुणाचं शेत अलीकडे तर घर पलीकडे असतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली आणि एकाच मुलखातली गावं वेगवेगळ्या राज्यांत गेली. नाती होती तिथंच राहिली. त्यामुळं वडील वारले म्हणून मामाकडे आलेलं, आजीजवळ ठेवलेलं किंवा वीटभट्टीवरून परतलेलं लेकरू वर्षात कोणत्याही महिन्यात आपल्या मराठी शाळेच्या दारात उभं राहू शकतं.

पुष्कळदा होतं असं, की पहिल्याच दिवशी मराठी धडा वाचायला देतात, ते गप्प राहतं आणि हजेरीपटाशेजारी ‘अप्रगत’ असा शेरा पडतो. तिसरीतलं जे मूल तेलुगूत गोष्ट सरसर वाचतं, त्याला वाचन येतंच. आपल्याला ते दिसत नाही एवढंच. म्हणून शिकवायला लागण्याआधी त्याला काय येतं ते शोधायचं. खालची सगळी तयारी त्यासाठीच आहे आणि ती दोन शिक्षकी शाळेतही जमते.

जूनआधी गावाच्या भाषा लिहून काढा

एप्रिलमध्ये पटनोंदणीला फिरता तेव्हाच हे काम उरका. एका वहीत प्रत्येक मुलासाठी पाच रकाने आखा: आईशी कोणती भाषा, आजीशी कोणती, खेळताना कोणती, आधीची शाळा कोणत्या माध्यमाची आणि कोणती लिपी वाचता येते.

‘मातृभाषा कोणती?’ असं थेट विचारू नका. शाळेतून कुणी आलं की पालक बहुतेक वेळा ‘मराठीच’ म्हणतात, कारण दुसरं काही सांगितलं तर प्रवेश अडेल अशी भीती असते. ‘रात्री झोपवताना कोणत्या भाषेत बोलता?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं. शिवाय दहा मिनिटं खेळ पाहा. भांडताना मूल ज्या भाषेत ओरडतं ती त्याची भाषा.

देगलूर, बिलोली, धर्माबाद पट्ट्यात तेलुगू, देवणी, निलंगा, उमरगा बाजूला कन्नड, तांड्यांवर गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा), किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी, उर्दू आणि दख्खनी (उर्दूची इकडची बोली) सगळीकडेच. एकाच वर्गात यांतल्या तीन भाषा निघाल्या तर नवल वाटून घेऊ नका. गोंडी आणि कोलामी या तेलुगू-कन्नडच्याच द्राविड कुळातल्या आहेत, त्यामुळं पुढं सांगितलेल्या बऱ्याच अडचणी त्या मुलांनाही येतात. गोरमाटी मात्र मराठीच्या कुळातली. तिचा गुंता वेगळा आणि बराच हलका.

प्रवेश आधी, कागद नंतर

शिक्षण हक्क कायदा २००९ इथं अगदी स्पष्ट आहे. कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुसार वर्ग द्यायचा. कलम ५ प्रमाणे दुसऱ्या राज्यातूनही बदली मागता येते आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही. परराज्यातल्या दाखल्यावर तिकडच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी आणायला पालकांना परत पाठवलं जातं आणि ते मूल पुन्हा येतच नाही. प्रतिस्वाक्षरी हवी असेल तर मूल वर्गात बसवून मागवा.

आधार नसेल तर मुख्याध्यापकाच्या पोटात गोळा येतो, कारण संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, आधार जुळलेलीच मुलं मोजली जातात. ही काळजी खोटी नाही. पण तो प्रश्न शिबिरात सुटतो. त्यासाठी मुलाला दारात उभं करायचं नाही.

आता कागद कसे वाचायचे ते पाहू. तेलंगणातल्या प्राथमिक शाळेतून पुष्कळदा ‘रेकॉर्ड शीट’ मिळतं, त्यावर टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) असं लिहिलेलं नसतं. ते नाकारू नका, प्राथमिकसाठी तिकडचा दाखला तोच. दाखल्यावर अकरा आकडी यू-डायस कोड, म्हणजे शाळेचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक, शोधा. २७ ने सुरू होणारा महाराष्ट्राचा, २९ चा कर्नाटकाचा, ३६ चा तेलंगणाचा. कागद तेलुगूत असो की कन्नडमध्ये, हा कोड आकड्यांतच असतो आणि त्यावरून शाळेचं नाव-गाव ऑनलाइन सापडतं.

त्यानंतर मुलाचा पेन क्रमांक, म्हणजे यू-डायस प्लसवरचा कायमस्वरूपी अकरा आकडी शैक्षणिक क्रमांक मागा. नवा क्रमांक तयार करण्याचा मोह टाळा. एका मुलाचे दोन क्रमांक झाले की दोन्हीकडची माहिती अडते आणि निस्तरायला वर्ष जातं. जुन्या शाळेनं मुलाला यू-डायस प्लसवरच्या ‘ड्रॉप बॉक्स’मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकल्याशिवाय आपल्याला त्याचं नाव आपल्या शाळेत ओढता येत नाही. जुनी शाळा फोन उचलत नसेल तर तेलंगणात मंडल शिक्षणाधिकाऱ्याकडे, कर्नाटकात तालुक्याच्या क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्याकडे विचारा. तेलंगणात तालुक्याच्या जागी मंडल असतं हे लक्षात ठेवा, नाहीतर पत्र भलतीकडेच जातं.

ओढताना सगळ्यात जास्त अडतं ते जन्मतारीख आणि नाव. तेलुगू पद्धतीत घराण्याचं नाव आधी येतं आणि बऱ्याचदा फक्त आद्याक्षरापुरतं. कर्नाटकात आडनावाच्या जागी कधी वडिलांचं नाव, कधी गावाचं. आपला कारकून ते आपल्या रीतीनं ‘आडनाव, नाव, वडिलांचं नाव’ असं फिरवतो आणि मग आधारशी, जुन्या नोंदीशी काहीच जुळत नाही. नाव आधी आधारवर जसं आहे तसं अक्षर न् अक्षर उतरवा. बदल करायचाच असेल तर आधारमध्ये आधी, रजिस्टरमध्ये मागून.

जातीचा रकाना भरताना हात जरा थांबवा. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) मध्ये येतो, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत. तिकडच्या कागदावरचा प्रवर्ग जनरल रजिस्टरला जसाच्या तसा चढवला, तर दहा वर्षांनी त्या मुलाची जात पडताळणी अडकते. दाखल्यावरची जात तीच लिहा, प्रवर्ग मात्र आपल्या राज्याच्या यादीतून तपासून लिहा. शंका असेल तर प्रवर्ग पेन्सिलनं ठेवा आणि गटशिक्षण कार्यालयातून लेखी उत्तर घ्या.

वर्ग ठरवताना एकच चूक टाळली तरी पुष्कळ: ‘मराठी येत नाही, म्हणून पहिलीत बसवा.’ दहा वर्षांचं पोर सहा वर्षांच्या लेकरांत बसवलं की ते लाजतं, मग दांड्या मारतं, मग येत नाही. वय चौथीचं असेल तर चौथीतच बसवा. भाषेची भर वेगळी घालता येते आणि कायद्यातही त्यासाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे.

पहिले तीन दिवस: काय येतं ते पाहा

शेजारच्या राज्याची पाठ्यपुस्तकं ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर फुकट मिळतात. मुलाच्या मागच्या इयत्तेचं भाषा आणि गणिताचं पुस्तक उतरवून ठेवा, शक्य असेल तर दहा पानं छापून घ्या. तेलंगणातली सरकारी पुस्तकं तेलुगू-इंग्रजी अशी द्विभाषिक असल्यानं आपल्यालाही मजकूर कळतो. कर्नाटकात पहिली ते तिसरी ‘नली कली’ पद्धत आहे, म्हणजे बहुवर्ग गट, कार्डं आणि टप्प्यांची शिडी. तिकडून आलेल्या मुलाला ‘कितवा धडा झाला?’ विचारून उपयोग नाही, कोणत्या कार्डापर्यंत पोचला ते विचारा.

त्याच्याच पुस्तकातलं एक पान त्याला मोठ्यानं वाचू द्या. आपल्याला तेलुगू वाचता येत नाही म्हणून घाबरू नका. बोट प्रत्येक अक्षरावर अडखळतं की शब्दावरून शब्दावर सरकतं, वाक्याच्या शेवटी आवाज खाली येतो का, चित्र पाहून हसतं का, हे पाहायला लिपी यावी लागत नाही. गावात तेलुगू किंवा कन्नड वाचणारं कुणीतरी असतंच, पाचेक मिनिटं त्यांना शेजारी बसवा.

गणिताची चाचणी शब्दांशिवाय घ्या आणि आकडे इंग्रजी वळणाचे लिहा. तिकडच्या शाळेत मुलं तेच आकडे वापरतात. मराठी १ त्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो, ४ आठसारखा आणि ७ उलट्या सहासारखा. ‘१४ + ७’ असं मराठीत लिहून दिलं तर तो मनात भलतंच गणित सोडवतो, आपण त्याला चूक देतो आणि त्याला कळतच नाही की चुकलं कुठं. दोन्ही वळणांचे आकडे समोरासमोर लिहिलेली पट्टी त्याच्या बाकावर महिनाभर चिकटवून ठेवा.

मोठी अडचण संख्यांच्या नावांत आहे. तेलुगूत पंचवीसला ‘इरवै ऐदु’ म्हणतात, कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, म्हणजे वीस आधी, पाच मागून. मराठीत पाच आधी येतात. म्हणून ‘पंचवीस’ ऐकून ते ५२ लिहितं. ‘एकोणतीस’ तर आणखी अवघड: त्याच्या भाषेत ते वीस-नऊ असतं, आपल्याकडे तीसला एक कमी. तीस ऐकू आलं की हात ३१ कडे जातो. बालभारतीनं २०१९ च्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत दिली तेव्हा बराच वाद झाला होता. सीमेवरच्या मुलांसाठी मात्र ती फार कामाची आहे. दहाच्या काड्यांचे गठ्ठे हातात देऊन आधी ‘वीस आणि पाच’ म्हणू द्या, मागून ‘पंचवीस’ जोडा. दोन महिने लागतात. तोवर तोंडी गणितात मूल चुकलं तर फळ्यावर लिहायला सांगा, पुष्कळदा उत्तर बरोबर निघतं.

मराठी चुकतं कुठं आणि का

ही माहिती शिक्षकाजवळ नसेल तर तो चुका मोजत बसतो. असेल तर चूक ऐकून मुलाची भाषा ओळखतो.

‘आई आलं’, ‘बाई गेलं’ असं मूल बोललं की काही शिक्षकांना उर्मटपणा वाटतो. तसं काही नाही. तेलुगूत एकवचनात बाई आणि वस्तू दोघींना क्रियापदाचं रूप एकच, ‘वच्चिंदि’. मुलानं आपली भाषा मराठीत आणली एवढंच. कन्नड मूल ‘आई आली’ बरोबर म्हणतं, कारण कन्नडमध्ये अवनु, अवळु, अदु असे तीन भेद आहेत; पण निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसक, म्हणून ते ‘खुर्ची मोडलं’, ‘भाकर जळलं’ म्हणतं. यावर व्याकरण सांगून उपयोग नाही. तीन टोपल्या ठेवा: तो, ती, ते. घरातल्या-शेतातल्या दहा वस्तूंची चित्रं द्या आणि टोपलीत टाकू द्या, प्रत्येक वेळी ‘ही खुर्ची, तो विळा, ते मडकं’ असं मोठ्यानं म्हणत. दर आठवड्याला दहा नवी चित्रं. सहा आठवड्यांत साठ शब्द होतात, पुढचे मूल खेळातून उचलतं.

दुसरी चूक ‘मी भाकर खाल्लो’. तेलुगू-कन्नडमध्ये भूतकाळातही क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं. आपल्याकडे ते खाल्लेल्या वस्तूप्रमाणे फिरतं. लातूर-नांदेड भागात घरी मराठीच बोलणारेसुद्धा ‘मी काम केलो’ सर्रास म्हणतात, शिक्षकही म्हणतात. म्हणून बोलण्यात हे पहिले चार आठवडे दुरुस्त करू नका. लिहिण्यात तिसरीपासून घ्या, तेही पट्ट्यांनी: मी आंबा खाल्ला, मी भाकर खाल्ली, मी केळं खाल्लं. वस्तू एका रंगाच्या पट्टीवर, क्रियापद दुसऱ्या रंगाच्या. वस्तूची पट्टी बदलली की क्रियापदाचीही बदलायची. बारा पट्ट्या पुरतात. ‘कर्मणी प्रयोग’ हा शब्द सातवीपर्यंत कपाटातच राहू द्या.

वाचताना पहिला अडथळा शब्दाच्या शेवटी येतो. तेलुगू आणि कन्नड लिपीत अक्षराला पाय मोडल्याची खूण नसेल तर शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारतात. म्हणून ‘घर’ हे ‘घर्अ’ असं लांबतं. तेलुगू बोलणारं मूल तर बसला ‘बस्सु’, कारला ‘कारु’ म्हणतं. उपाय जोड्यांचा आहे: घर-घरा, वाट-वाटा, माळ-माळा, पान-पाना. पहिल्या शब्दाच्या शेवटी टाळी वाजवून आवाज तोडायचा, दुसऱ्याला टाळी नाही. रोज पाच मिनिटं, आठवडाभर.

ख-घ-थ-ध-भ यांचा जोर बोलीत कमी पडतो, म्हणून ‘भाजी’ची ‘बाजी’ आणि ‘घोडा’चा ‘गोडा’ होतो. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरा. ‘कार’ म्हणताना ती जवळजवळ हलत नाही, ‘खार’ म्हणताना उडते. आधी कार-खार, टोक-ठोक, पळ-फळ घ्या, कारण यांत वारा चांगला दिसतो. गडी-घडी, दार-धार, बाजी-भाजी मागून. उलटा क्रम घेतला तर पट्टी फारशी हलत नाही आणि मूल गोंधळतं. ळ आणि ण यांची मात्र काळजी करू नका. ही अक्षरं तेलुगू-कन्नडमध्ये आहेत आणि ही मुलं ती छान म्हणतात. इथं शाबासकी द्यायची संधी आहे, ती सोडू नका.

‘चाक’ आणि ‘चहा’ यांतला च वेगळा. तेलुगू मुलाला हा फरक ओळखीचा असतो, कन्नड मुलाला नसतो. त्याला ऐकवत राहा, रागवू नका.

लिपीबद्दल एक गोष्ट नीट सांगितली तर महिना वाचतो. तिकडच्या लिप्यांत जोडाक्षरात दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली लटकतं. देवनागरीत बहुधा पहिलं अक्षर अर्धं होतं. म्हणून ते ‘पुस्तक’ लिहिताना स पूर्ण काढतं आणि त खाली टांगतं. हे एकदा दोन्ही लिप्यांत फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा. अक्षरांचा क्रम तिन्ही लिप्यांत जवळपास एकच आहे. ज्याला तेलुगूतली ‘गुणिंतालु’ किंवा कन्नडमधली ‘कागुणित’ पाठ आहे त्याला बाराखडी नव्यानं शिकवायची नसते, फक्त नवं वळण द्यायचं असतं. ए आणि ओ तिकडे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत. ‘यातला कोणता?’ असं मूल विचारेल, तेव्हा ‘मराठीत एकच’ एवढं सांगा. शिरोरेखा तिकडे नाही, त्यामुळं ती विसरली जाते. आधी शब्द, मग वरची रेघ, असं करू द्या.

सहा आठवड्यांचा बेत

रोज चाळीस मिनिटं लागतात. पंधरा परिपाठानंतर, पंचवीस खिचडीनंतर, जेव्हा दुसरे वर्ग सरावाला लागलेले असतात.

पहिल्या आठवड्यात लिहिणं नाही. नाव, पाणी, भूक, दुखतं, बाहेर जायचंय, समजलं नाही, एवढं मराठीत सांगता यावं. ‘समजलं नाही’ हे वाक्य सगळ्यांत आधी शिकवा. ते येत नसलं की मूल मान डोलावतं आणि आपण पुढं जातो. त्याच भाषेचा पण मराठी येणारा एक सोबती शेजारी बसवा, तीन आठवड्यांपुरताच. त्याहून लांबलं तर सोबत्याचा अभ्यास बुडतो आणि नव्याला त्याच्याशिवाय तोंड उघडत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात रोज पाच शब्द त्याच्या तोंडून घ्या, त्याच्या घरचे, शेतातले. एका पानावर चित्र, त्याच्या लिपीतला शब्द आणि देवनागरी शब्द. हे पन्नास-साठ पानांचं पुस्तक त्याचंच राहतं. पुस्तक, अक्का, अण्णा यांसारखे शब्द दोन्हीकडे चालतात, त्यांनीच सुरुवात करा. दिसायला सारखे पण अर्थानं वेगळे शब्द जपून वापरा: ‘अवसर’ म्हणजे मराठीत संधी, कन्नडमध्ये घाई, आणि तेलुगूत ‘अवसरम’ म्हणजे गरज.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात तीन-चार शब्दांची वाक्यं, टोपल्या आणि पट्ट्यांचे खेळ, आणि रोज एक छोटी गोष्ट ऐकणं. सहाव्याच्या शेवटी चाळीसेक शब्दांचा अनोळखी उतारा वाचायला द्या आणि दोन प्रश्न तोंडी विचारा. उत्तर घरच्या भाषेत आलं तरी चालेल, समजलं की नाही तेवढंच पाहायचंय. वाचलं पण समजलं नाही, तर चौथा आठवडा पुन्हा. समजलं पण वाचताना अडखळतं, तर चिंता नाही, ते वेळेनं सुटतं.

दख्खनीबद्दल थोडं. बाजारात तेलुगूवाला, कन्नडवाला, मराठीवाला सगळे ‘हौ’ आणि ‘नक्को’ वर काम भागवतात आणि मुलालाही ती कळते. पहिले पंधरा दिवस पूल म्हणून जरूर वापरा. त्यापुढं शिक्षक दख्खनीतच रमले तर मूलही तिथंच थांबतं आणि मराठी सुरूच होत नाही.

शिक्षकाची स्वतःची तयारी

त्या भाषेत संभाषण करण्याची गरज नाही. चाळीस शब्द पुरतात. तेलुगू: रा (ये), कूर्चो (बस), चूडु (बघ), चदुवु (वाच), रायि (लिही), चेप्पु (सांग), नीळ्ळु (पाणी), आकलि (भूक), नोप्पि (दुखणं), अर्थमैंदा? (समजलं का?). कन्नड: बा, कूडु, नोडु, ओदु, बरि, हेळु, नीरु, हसिवु, नोवु, तिळीता? रोज चार पाठ केले तर दहा दिवसांचं काम आहे. उच्चार मुलांकडूनच तपासून घ्या. गुरुजी चुकतात आणि आपण दुरुस्त करतो, हे पाहून मुलांची भीड पार जाते. केंद्र सरकारच्या ‘भाषासंगम’ उपक्रमात बावीस भाषांतली रोजची शंभर वाक्यं आहेत, तीही घ्या.

डी.एल.एड. या शिक्षक पदविकेत आणि टीईटी या शिक्षक पात्रता परीक्षेच्या अभ्यासात दुसऱ्या भाषेच्या मुलाबद्दल जे वाचलं जातं ते परीक्षेपुरतं. चुकांचं हे मूळ कुठं सांगितलं जात नाही. म्हणून आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत एक तास याच कामाला मागा. दहा शाळांनी प्रत्येकी पाच मुलांच्या वह्यांची एकेक झेरॉक्स आणली तरी पन्नास पानं होतात आणि त्या भागातल्या चुकांचा नमुना डोळ्यांसमोर येतो. डायटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे) साहित्य मागताना ‘तेलुगू मुलांसाठी काहीतरी’ असं मोघम लिहू नका. ‘टोपल्यांच्या खेळासाठी साठ चित्रं, पट्ट्यांचे दहा संच’ असं मोजून मागा, मग मिळण्याची शक्यता वाढते.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावेत असा कायदा आहे. त्यांत तेलुगू किंवा कन्नड घरातली एक आई हवीच. अध्यक्षांच्या भाषणानं जे होत नाही ते ती तांड्यावर जाऊन करते. सूचना फळ्यावर लिहून भागत नाही, तिच्या तोंडून सांगा.

सुट्ट्यांचाही हिशेब ठेवा. कर्नाटकात शाळा मे अखेर किंवा जूनच्या आरंभी सुरू होते, तेलंगणात आणि आपल्याकडे जूनच्या मध्याला. तेलंगणात बतुकम्मा-दसऱ्याला मोठी सुट्टी, आपल्याकडे दिवाळीला. दसऱ्यात मूल दहा-बारा दिवस आजोळी गेलं तर त्याला गळतीत धरू नका. जाण्याआधी दहा पानांचा सराव द्या आणि परतण्याची तारीख पालकांकडून वहीत लिहून घ्या.

आपलं लेकरू पलीकडे जातं तेव्हा

दसऱ्यानंतर कोयता घेऊन कुटुंबं कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे जातात, नांदेडकडची तेलंगणातल्या वीटभट्ट्यांवर. मुकादमाची उचल घेतली की चार दिवसांत गाव रिकामं होतं, तेव्हा कागद करत बसायला वेळ नसतो. म्हणून सप्टेंबरमध्येच यादी करा. आजी-आजोबा गावात असतील तर आधी हंगामी वसतिगृहाचा पर्याय समजावून सांगा. मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड (जे दाखवून त्याला तिकडच्या शाळेत बसता येतं) भरून ठेवा आणि पटावरचं नाव कमी करू नका.

वरचे दोन्ही प्रश्न, लिपीचा आणि आकड्यांचा, त्याला तिकडे उलट बाजूनं भेटतात. कर्नाटकाचा २०१५ चा, तेलंगणाचा २०१८ चा आणि महाराष्ट्राचा २०२० चा कायदा आपापली राज्यभाषा शाळेत सक्तीची करतो. म्हणून आलेल्या मुलाची जुनी लिपी मोडू देऊ नका, आठवड्यातून वीस मिनिटं त्याच्या जुन्या पुस्तकासाठी राखून ठेवा. आणि जाणाऱ्याला तिकडची पहिली वीस अक्षरं ओळखीची करून द्या. कुटुंब कायमचं बिदर जिल्ह्यात जात असेल तर औराद, भालकी, बसवकल्याण तालुक्यांत मराठी माध्यमाच्या शाळा आहेत आणि कर्नाटक मराठी माध्यमाची पुस्तकं स्वतः छापतं, हे पालकांना सांगा. त्यांना बहुधा माहीत नसतं.

जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दप्तरात चेन असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत हे ठेवा: हमी कार्ड, आधारची झेरॉक्स, पेन क्रमांक आणि शाळेचा यू-डायस कोड मोठ्या आकड्यांत लिहिलेला कागद, कायमचं जात असेल तर दाखल्याच्या दोन प्रती, मुख्याध्यापकाचा व्हॉट्सअॅप नंबर, दोन्ही वळणांच्या आकड्यांची पट्टी, मराठीचं पुस्तक आणि एक पान, ज्यावर त्याला काय काय येतं ते सोप्या इंग्रजीत दहा ओळींत लिहिलेलं आहे. कोणता धडा झाला ते नको. कितीपर्यंत मोजतं, कोणती बेरीज करतं, कोणती लिपी वाचतं, कोणत्या भाषेत बोलतं, हे हवं. पिशवी आईच्या हातात द्या. पुरुषमंडळींच्या सामानात ती ट्रॅक्टरच्या तळाशी जाते आणि भट्टीवर पोचेपर्यंत ओली होते.